माळढोकाच्या उंचीवरची तार

तीस वर्षं मी उत्तर सोलापूर तालुक्यात वायरमन म्हणून खांब चढलो. एकदा नान्नजच्या माळावर, परमिट घेऊन 33 केव्हीच्या लाइनवर इन्सुलेटर बदलत होतो. खाली कुसळीतून माळढोक उठला. मोठा नर, बारा-पंधरा किलोचा असावा. हा पक्षी चिमणीसारखा भुर्रकन उडत नाही. आधी धावतो, मग जड पंख मारत वर येतो. तो सरळ माझ्या लाइनकडेच आला. तारा अगदी जवळ आल्यावर त्याने अंग तिरकं केलं आणि कसाबसा निसटला. धडकला असता तर मान मोडली असती, लाइन बंद असूनही. मी पुढच्या खांबाकडे पाहिलं. भर दुपारच्या उन्हात मधली तार मलाच दिसेना. त्याचे तर डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. समोरचं त्याला कमीच दिसतं.

आता देशात दीडशेच्या आसपास माळढोक उरलेत, बहुतेक सगळे जैसलमेरकडे. सौर आणि पवनऊर्जेच्या लाइनीही तिथेच. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2021 मध्ये लाइनी जमिनीखाली घ्यायला सांगितलं. मार्च 2024 मध्ये तो आदेश बदलून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे दिला. सरकारचं म्हणणं, 2030 पर्यंत 500 गिगावॉट स्वच्छ विजेचं उद्दिष्ट गाठायचंय. ते मला पटतं. तेल बाहेरून आणणारा देश स्वतःच्या उन्हावर चालला, तर ते देशाच्या संरक्षणाचंच काम आहे. केबलचं दुखणंही मला ठाऊक आहे. पावसात फॉल्ट शोधताना रात्री गेल्यात. 400 केव्हीची वाहिनी पुरा, असं मी म्हणणार नाही. तिने वळसा घ्यावा. पण 33 केव्ही? ती तर शहरातल्या रस्त्यांखालून जातेच. पक्ष्याला तार दिसावी म्हणून तिला चकत्या लटकवल्या की काम झालं, हे मला मान्य नाही. वाऱ्याने त्या घासतात, गळतात, आणि पुन्हा बसवायला कोणी चढत नाही.

माझा पुतण्या तोफखान्यात आहे, पोखरणला सरावाला जाऊन आलाय. त्या फायरिंग रेंजमध्ये माळढोक राहतात, अंडी घालतात. तोफांच्या आवाजात! कारण तिथे नांगर नाही, कुंपण नाही, तारांचं जाळं नाही. लष्कराला आपलं काम सांभाळून जे जमतं, ते वीज कंपन्यांना का जमू नये?

आम्ही इथे सोलापुरात उलटी चूक केली, जागा गरजेपेक्षा जास्त धरली. 1979 मध्ये तब्बल 8,496 चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं, त्यात गावंच्या गावं आली. आमच्या शेताचा तुकडा विकायला वडिलांना परवानगी मिळेना. बहिणीचं लग्न कर्ज काढून झालं. त्या काळात आमच्या घरात माळढोकाचं नाव कोणी प्रेमाने घेत नसे. पुढे क्षेत्र 1,222 वर आणलं, पण तोवर माळाचं रान झालं होतं आणि पक्षी क्वचितच दिसत होता.

म्हणून जैसलमेरला रेघ मोजून ओढा. पक्षी जिथे चरतो, अंडी घालतो, तेवढी जागा पक्की करा आणि तिथली लाइन पुरा. एकदा खांब उभे राहिले की केबल महाग वाटते, कारण खांबांचा पैसा आधीच गेलेला असतो. केबलचा खर्च निविदेतच धरा, आणि ज्यांची गुरं त्या माळावर चरतात, त्यांची भरपाईही त्याच निविदेत.