नदीचा कारभार ठाण्यातून

लोकांच्या हाती नदी देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत, असं उघड कुणी म्हणत नाही. म्हणायची रीत वेगळी आहे. पेण-रोह्याकडच्या माणसाने फुटलेल्या बांधाबद्दल किंवा खाडीकाठच्या खारेपाटातल्या पिण्याच्या पाण्याबद्दल तोंड उघडलं, की उत्तर तयार असतं: खोरेनिहाय नियोजन केव्हाच सुरू झालंय, महामंडळ आहे ना! त्याच्या पाठोपाठ आणखी दोन उत्तरं येतात. एक, कोकणातलं पाणी नाहीतरी समुद्रात वाया जातं. दुसरं, लोकांना स्वतःला काही सांभाळता येत नाही. तिन्हींत थोडं थोडं खरं आहे, म्हणूनच ती इतकी वर्षं खपली.

आधी महामंडळाचं पाहू. कोकण पाटबंधारे विकास महामंडळ १९९७ साली निघालं ते रखडलेल्या धरणांसाठी पैसा उभा करायला. निविदा काढणं, कंत्राटं देणं, भिंती बांधणं हे त्याचं काम. २००५ मध्ये राज्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला आणि त्यात एक चमत्कार घडला. राज्यातली पाचही पाटबंधारे महामंडळं एका व्याख्येच्या जोरावर ‘नदीखोरे अभिकरणं’ झाली. माणसं तीच, खाती तीच, पाटी नवी. कोकणच्या वाट्याला तर दमणगंगेपासून तेरेखोलपर्यंतच्या सगळ्या नद्यांना मिळून एक अभिकरण आलं, मुख्यालय ठाण्याला. अंबा, बाळगंगा, भोगावती आणि कुंडलिका या चार नद्यांचं एकमेकींशी पटत नाही. तेरेखोलशी त्यांचं काय नातं?

त्याच कायद्यात राज्य जल परिषद होती. तिची पहिली बैठक भरायला २०१५ उजाडलं. मधल्या काळात, २०११ साली, शेती, उद्योग आणि शहर यांत पाणी कसं वाटायचं हा अधिकार दुरुस्ती करून मंत्रिमंडळाने स्वतःकडे घेतला. म्हणजे प्राधिकरणाच्या हाती प्राधिकार उरला नाही आणि अभिकरणाच्या हाती खोरं आलंच नाही. याला नियोजन म्हणायचं तर खुशाल म्हणावं.

हेटवणे धरण हा याचा ढळढळीत दाखला. पेण तालुक्यातली साडेसहा हजार हेक्टरांच्या आसपास जमीन भिजवण्याच्या बोलीवर हे धरण झालं. पाणी आधी पोचलं नवी मुंबईला. कालव्याचं काम मागे राहिलं आणि धरणाच्या तालुक्यातच वाशी, शिर्की, वडखळच्या बाजूच्या खारेपाटात बायका उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत उभ्या राहिल्या. शहराला पाणी देऊच नये असं माझं म्हणणं नाही. तहान कुणाचीही तहानच. पण कुणाच्या नावावर धरण मंजूर झालं आणि पाणी कुणाला मिळालं, हा हिशेब त्या खोऱ्यातल्या माणसांपुढे कधी मांडला गेला का? बाळगंगेचं धरण तर थेट नवी मुंबईसाठीच काढलं. तिथे विस्थापितांचं पुनर्वसन रेंगाळलं आणि २०१५ मध्ये लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला गुन्हा नोंदवावा लागला.

आता ‘समुद्रात वाया जाणाऱ्या’ पाण्याबद्दल. हा युक्तिवाद करणाऱ्याने पेणच्या खाडीतला जिताडा खाल्लेला नसावा. गोड्या आणि खाऱ्या पाण्याच्या सीमेवर वाढणारा हा मासा. पावसाळ्यात नदीचं पाणी खाडीत जोराने उतरलं नाही तर त्याचं आणि त्याच्यावर जगणाऱ्या कोळ्याचं गणित बिघडतं. शिवाय वरून येणारं गोडं पाणी भरतीला मागे रेटत असतं. ते कमी झालं की खारं पाणी नदीत आत सरकतं, विहिरी मचूळ होतात. पावसात दोन-अडीच हजार मिलिमीटर किंवा त्याहून जास्त कोसळतं म्हणून उन्हाळ्याला पुरतं असं होत नाही, हे इथल्या पोरालाही ठाऊक आहे.

कुंडलिकेची गोष्ट तर आणखी गमतीची. उन्हाळ्यात तिच्यात जे पाणी खळाळतं ते मुळात तिचं नाही. सह्याद्रीपलीकडे मुळशीला अडवलेलं, एरवी कृष्णेच्या वाटेने पूर्वेला गेलं असतं असं पाणी १९२७ पासून भिऱ्याच्या वीजगृहातून इकडे उतरतं. ज्या धरणासाठी सेनापती बापटांनी मुळशीचा सत्याग्रह केला तेच हे धरण. पुढे डोळवहाळच्या बंधाऱ्यावर ते अडवून कालव्यांनी भाताला दिलं जातं, कोलाडला त्यावर राफ्टिंग चालतं, आणि धाटावच्या कारखानदारीनंतर त्याच नदीचं नाव केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित पट्ट्यांच्या यादीत जातं. सोडणारा वीजवाला, अडवणारा पाटबंधारेवाला, घाण मोजणारा प्रदूषणवाला. मासे मेले तर कोळ्याने कुणाचं दार ठोठावायचं?

तिसरं उत्तर सगळ्यांत जुनं आणि सगळ्यांत कोडगं आहे: लोकांना जमत नाही. पेण म्हटलं की बाहेरच्याला गणपती आठवतात. त्याने एकदा धरमतर खाडीच्या काठी यावं. ही हजारो एकर भातजमीन समुद्राच्या हातून काढून घेतलेली आहे. कुलाबा जिल्ह्याच्या १८८३ च्या गॅझेटिअरमध्ये शिलोत्री जमिनींची नोंद सापडते: ज्याने बांध घालून खाजण लागवडीला आणलं, त्याला बिघ्यामागे मणभर भात, आणि त्या बदल्यात बाहेरकाठा शाबूत ठेवायची जबाबदारी त्याची. त्यापुढची व्यवस्था म्हणजे जोळ. बांधाआडच्या सगळ्या शेतकऱ्यांनी मिळून वर्गणी काढायची, आळीपाळीने माणसं द्यायची आणि बांध राखायचा. बांधातल्या दाराची, म्हणजे उघाडीची, झडप ओहोटीला पाणी बाहेर सोडते, भरतीला आपोआप मिटते. तिच्यात ओंडका अडकला तरी एका रात्रीत शेत खारं होतं. बांध फुटून खांड पडली तर पुढच्या उधाणाच्या आत ती बुजवायची. चिखलाचे चौकोनी गोळे कापून हातोहात पुढे द्यायचे, रांगेत सगळा गाव. अमावास्या-पौर्णिमेला नजर बांधावर. यासाठी कुणी निविदा काढत नव्हतं.

१९४८ मध्ये खार जमिनींचा कायदा आला, १९७९ मध्ये दुसरा. खारभूमीचं विभागीय कार्यालय पेणलाच बसलं. बांध सरकारचा झाला तसा जोळ ढिला पडत गेला. हे लोकांच्या नाकर्तेपणाने झालं असं सांगतात. माझ्या मते जबाबदारी काढून घेतली आणि काळजी मात्र लोकांनीच करावी अशी अपेक्षा ठेवली, त्याचा हा परिणाम. खांडीची खबर गावाला त्याच रात्री लागते. अंदाजपत्रक, मंजुरी, निधी होईपर्यंत दोन-तीन पावसाळे जातात. तेवढ्यात शेतात तिवरं उगवतात. मग कांदळवनाचं संरक्षण लागू होतं, २००५ च्या आणि पुन्हा २०१८ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे. ते आदेश योग्यच आहेत. पण ज्याच्या सातबाऱ्यावर भात होतं त्याला आता स्वतःच्या शेतातलं पाणी काढायला परवानगीसाठी खेटे घालावे लागतात. शिवाय खाडीतून कोळसा आणि लोहखनिजाचे बार्ज जातात, त्यांच्या लाटांनी काठा खचतो, ही तक्रार वेगळीच.

जोळाची मला भक्ती नाही, हेही सांगून टाकतो. त्याच्या मागे खोत-सावकारांची सत्ता उभी होती. याच खाऱ्या मातीतल्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून १९३३ पासून चरीला संप करून सहा वर्षं जमिनी ओस टाकल्या, त्या काही हौसेने नव्हे. जोळात बाईला मत नव्हतं, वरच्या डोंगरातल्या कातकऱ्याला तर जागाच नव्हती. म्हणून जुनं जसंच्या तसं उकरून काढा, असं कोण म्हणतंय? पण सामुदायिक कारभार ‘स्वभावातच नाही’ हे मात्र खोटं. नाशिकजवळ ओझरला बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी उभ्या केलेल्या पाणीवापर संस्थांच्या वाटेने पुढे वाघाड प्रकल्पाचा सगळा कारभार शेतकऱ्यांकडे आला. नेदरलँड्समध्ये बांध राखणारी जलमंडळं मध्ययुगापासून चालत आली आहेत. त्यांच्या निवडणुका होतात, ती स्वतःचा कर बसवतात. तो जोळच आहे, फक्त त्याला कायद्याने हातपाय दिले.

आणि पेणने मतदान करूनही दाखवलंय. २१ सप्टेंबर २००८ रोजी महामुंबई सेझच्या, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राच्या, प्रश्नावर हेटवणेच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत जिल्हा प्रशासनाने जनमत घेतलं. मुद्दा साधा होता: ओलिताखाली आणायच्या म्हणून ज्या जमिनी दाखवल्या, त्याच आता उद्योगाला कशा देता? बहुसंख्य शेतकऱ्यांनी नकार दिला. प्रा. एन. डी. पाटलांसारखी माणसं पाठीशी होती, पण मत शेतकऱ्यांचं होतं. धरण, कालवा, जमीन यांचा संबंध लोकांना कळत नाही म्हणणाऱ्यांनी तो दिवस आठवावा.

तेव्हा मागणी अशी. अंबा-भोगावती-बाळगंगा आणि कुंडलिका यांच्यासाठी वेगळ्या खोरे परिषदा हव्यात. त्यात डोंगरातला कातकरी-ठाकर, लाभक्षेत्रातला शेतकरी, खारेपाटातला बांधवाला, खाडीतला कोळी आणि पेण-रोह्याची नगरपालिका यांना निवडून येण्याचा हक्क हवा. बायकांना निम्म्या जागा. सल्ला देण्यापुरतं बोलावणं नको. कालवा सल्लागार समित्यांतून सल्ला पुष्कळ देऊन झाला. विसर्गाचं वेळापत्रक परिषदेच्या मंजुरीने ठरावं, शहर आणि उद्योगाच्या पाणीपट्टीतला ठरावीक हिस्सा तिच्या खात्यात यावा आणि पहिल्या खांडीला त्यातूनच हात घालता यावा. अभियंते राहू देत, ते लागतीलच, पण नोकरीला, मालकीला नाही.

पहिल्या बैठकीला हेटवणेचा वर्षाचा जमाखर्च, किती पाणी साठलं, कुणाला किती गेलं, एवढं एक पान मराठीत ठेवलं तरी पुरे. बैठक वडखळला भरवावी. तारीख मात्र उधाण टाळून काढा, नाहीतर अर्धे सभासद बांधावर असतील.