शाळेच्या हिशेबात संगीताचा रकाना कुठे आहे?

शाळा सुरू झाली की आमच्या अकोला-अमरावतीकडे क्रीडा साहित्याची यादी निघते. व्हॉलीबॉल किती, दोरीच्या उड्यांच्या दोऱ्या किती, क्रिकेटची किट कोणत्या दुकानातून घ्यायची, यावर स्टाफरूममध्ये चर्चा होते. संगीताची अशी यादी निघालेली मी शाळेत असताना पाहिली नाही आणि आज शिक्षक असलेल्या मित्रांकडूनही ऐकली नाही. मी अकोल्यात शाळा शिकलो, अमरावतीत इंजिनिअरिंग केलं, आता पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. आमच्या कामात एक साधी गोष्ट पहिल्या वर्षीच कळते: ज्या माहितीला फॉर्ममध्ये रकाना नाही, ती सिस्टिमच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. शाळेतल्या संगीताचं नेमकं हेच झालं आहे.

आधी कायदा पाहू. शिक्षण हक्क कायदा 2009 चा. त्याच्या अनुसूचीत म्हटलं आहे की सहावी ते आठवीच्या शाळेत शंभराहून जास्त मुलं असतील, तर कला शिक्षण, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक हवेत. इथपर्यंत कला आणि खेळ एकाच ओळीत उभे आहेत. पण त्याच अनुसूचीत पुढे इमारत आणि साहित्याची यादी येते. तिच्यात मैदान आहे, ग्रंथालय आहे, प्रत्येक वर्गासाठी खेळाचं साहित्य आहे. वाद्य नाही. म्हणजे कला शिकवणारा माणूस कायद्याने मागितला, पण तो कशावर शिकवणार, ते सांगितलं नाही.

पैशाचंही तसंच. समग्र शिक्षा योजनेत शाळांना खेळासाठी त्या नावाने अनुदान मिळतं: प्राथमिकला 5 हजार, उच्च प्राथमिकला 10 हजार, माध्यमिक आणि उच्च माध्यमिकला 25 हजार रुपयांपर्यंत. ग्रंथालयालाही त्याच्या नावाने रक्कम आहे. संगीताच्या नावाने असं काही नाही. इतर खर्चातून उरलं, मुख्याध्यापकांना आवड असली, तर एखादी पेटी येते. ती बहुतेक 15 ऑगस्ट आणि 26 जानेवारीला बाहेर निघते आणि पुन्हा कपाटात जाते. आमच्या शाळेतल्या पेटीचा भाता उंदरांनी खाल्ला होता. तो दुरुस्त करायचा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा, हे कोणालाच ठरवता आलं नाही. मी दहावी होईपर्यंत पेटी तशीच होती.

तिसरी गोष्ट गुणांची. दहावी-बारावीत खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात. पुढे शासकीय नोकरीत गुणवत्ताधारक खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. शास्त्रीय कला, लोककला आणि चित्रकला यांनाही दहावीत वाढीव गुण देण्याची सोय महाराष्ट्राने केलेली आहे. त्यामुळे कोणी म्हणेल की हिशेब बरोबर झाला. तो झालेला नाही. खेळाचे गुण मुलाला शाळेतून मिळतात: शाळेचा संघ, शाळेचा अर्ज, तालुका, जिल्हा, विभाग अशी शाळेनेच चढवलेली शिडी. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षाही शासनाच्या आहेत आणि शाळेतूनच देता येतात. संगीताचे गुण मात्र बाहेरच्या मान्यताप्राप्त संस्थेच्या परीक्षा वर्षानुवर्षे देत गेल्यावर मिळतात. त्यासाठी खासगी क्लास लागतो, दर महिन्याची फी लागते, घरी पेटी किंवा तबला लागतो. ज्याच्या घरी हे आहे, त्याला गुण. ज्याचा बाप हमाली करतो, त्याचा गळा कितीही गोड असला तरी त्याच्यापर्यंत ही सवलत पोहोचत नाही. समान संधीच्या नावाखाली आधीच संधी असलेल्याला दिलेलं हे बक्षीस आहे.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे आणि तोही वाजवायचा. शाळेत मात्र ते त्याने कधी सांगितलं नाही, कारण बँडवाल्याचा पोरगा म्हणून चिडवतील याची त्याला खात्री होती. शाळेत तो चारशे मीटर धावायचा. धावण्याला सर्टिफिकेट होतं. आपल्या शहरांतल्या बँड पार्ट्या पाहा. मुस्लिम आणि दलित कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या ही कला जपली आहे. त्या घरातलं मूल शाळेत येताना लय आणि सूर सोबत घेऊन येतं आणि शाळा त्याला सांगते की हे दारातच ठेव. शिक्षणाच्या हक्काचा हा प्रश्न आहे.

हे सगळं मी खेळाच्या विरोधात लिहितो आहे, असं कृपया समजू नये. अमरावतीत शिकलेला माणूस तसं लिहूच शकणार नाही. वैद्य बंधूंनी 1914 साली सुरू केलेला आखाडा आज श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून देशभर ओळखला जातो. या मंडळाच्या पथकाने 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे जाऊन भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. अमरावतीचा जितेश शर्मा आणि अकोल्याचा अथर्व तायडे आज मोठ्या मैदानांवर खेळतात, त्याचा आनंद आम्हा वऱ्हाडातल्या सगळ्यांना आहे. खेळाला जे मिळालं, ते कोणी दान म्हणून दिलेलं नाही. लोकांनी शंभर वर्षं जागा मिळवल्या, शिक्षक घडवले, स्पर्धा भरवल्या, नोंदी ठेवल्या. संगीताने हाच रस्ता धरायला हवा, एवढंच माझं म्हणणं आहे.

आणि गंमत अशी की आपल्या मातीत हे दोन्ही वेगळे नव्हतेच. लेझीम घ्या. शाळेच्या वेळापत्रकात ती कवायत म्हणून बसते, पण हलगी किंवा ढोल थांबला की लेझीम संपली. शिट्टी वाजवणाऱ्या सरांना मानधन आणि ढोल वाजवणाऱ्या पोराला फक्त शाबासकी, हा फरक आपण केला. लेझमीने केला नाही.

वऱ्हाडात संगीताची परंपरा नाही, असं तर कोणी म्हणूच नये. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी एका खंजिरीवर गावंच्या गावं जागी केली. गाडगेबाबांनी स्वच्छतेची आणि शिक्षणाची गोष्ट कीर्तनातून सांगितली. मराठी गझलेला घराघरांत नेणारे सुरेश भट 1932 साली अमरावतीत जन्मले आणि ती गझल गाणारे भीमराव पांचाळे याच जिल्ह्यातल्या आष्टगावचे. उर्दूतून आलेला काव्यप्रकार वऱ्हाडी माणसाने मराठीत रुजवला आणि वऱ्हाडी गळ्यानेच तो गायला. मराठी आणि उर्दू शाळेच्या मुलांना एकत्र बसवून शिकवता येईल, अशी याहून चांगली सामग्री मला दिसत नाही. संविधानाच्या 51-अ कलमात संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणं हे नागरिकाचं कर्तव्य सांगितलं आहे. ते कर्तव्य भाषणातून पार पडत नाही, तालमीतून पडतं.

इथे आपल्या समाजातल्या एका प्रश्नाला बगल देऊन चालणार नाही. संगीत इस्लामला मान्य आहे का, यावर मुस्लिमांत एकमत नाही. उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि अनेक पालक मुलांना, विशेषतः मुलींना, यापासून दूर ठेवतात. त्यांच्या श्रद्धेचा आदर ठेवून दोन गोष्टी सांगतो. पहिली, ज्यांना नको त्यांच्यावर सक्ती नसावी. पण ज्यांना हवं आहे, त्यांचा रस्ताही कोणी अडवू नये. मुसलमानांना संगीत नकोच असतं, हे परस्पर ठरवून टाकणाऱ्या शाळांना आठवण करून द्यावी लागेल की उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी मिरजेत राहून किराणा घराणं महाराष्ट्रात रुजवलं, आणि तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांनी मिरजेत सतार घडवायला घेतली, त्या मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दुसरी गोष्ट शाळांसाठी. संगीताचा तास म्हणजे एकाच धर्माची प्रार्थना आणि भजनं, असं झालं की मुस्लिम पालक मुलांना काढून घेतात. शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत संमतीशिवाय कोणाला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत बसवता येत नाही, हे संविधानाच्या 28 व्या कलमाने सांगितलेलं आहे. भजन असावं, नात असावी, कव्वाली असावी, भीमगीत असावं, ओवी असावी. पण तासाचा पाया स्वर, ताल आणि एकत्र गाणं हाच हवा.

आता नेहमीचा आक्षेप. एका पालकसभेत मी हा विषय काढला, तेव्हा एक काका म्हणाले, "गानं म्हणून कुठी पोट भरते का बाप्पा?" प्रश्न रास्त आहे. पण मग खेळून तरी किती जणांचं पोट भरतं? जितेश आणि अथर्वसोबत शाळेच्या मैदानावर धावलेल्या हजारो मुलांनी क्रिकेटवर घर चालवलेलं नाही. तरीही आपण मुलांना मैदानावर पाठवतो. कारण खेळाने अंग सुधारतं, शिस्त येते, हरणं पचवता येतं. वृंदगान शिकणाऱ्या मुलालाही दुसऱ्याचं ऐकावं लागतं, आपला आवाज आवरावा लागतो, चूक झाली तर पुढच्या मात्रेला सावरावं लागतं. शिवाय संघात अकरा किंवा बारा जण बसतात, उरलेला वर्ग टाळ्या वाजवतो. समूहगानात चाळीसच्या चाळीस मुलं आत येतात. जे मूल धावू शकत नाही, त्यालाही जागा मिळते. वयात आल्यावर ज्या मुली मैदानावरून दिसेनाशा होतात, त्यांनाही.

"कला उत्सव आहे की," असंही सांगितलं जातं. 2015 पासून केंद्र सरकारची ही स्पर्धा होते आणि ती चांगली आहे. पण वर्षभर तास न घेता मुलाला थेट स्पर्धेला उभं करणं म्हणजे मैदान न दाखवता धावायला लावणं. तिथेही मग खासगी क्लासची मुलंच पुढे जातात.

तर मागायचं काय? निम्मा-निम्मा वाटा मी मागत नाही. चार गोष्टी मागतो. वेळापत्रकात आठवड्याला निदान एक तास, जो गणिताचे सर सिलॅबस उरला म्हणून घेणार नाहीत. वाद्यांसाठी खोली किंवा कपाट, आणि त्याची किल्ली शिकवणाऱ्याच्या हातात. वार्षिक खर्चात संगीत या नावाची एक ओळ, मग रक्कम छोटी का असेना. आणि वार्षिक अहवालात खेळाच्या पदकांखाली संगीतात किती मुलं शिकली, त्याची संख्या. हा चौथा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा मानतो. पदकं मोजता येतात म्हणून ती दिसतात. संगीताचंही मोजायला लागलो की तेही दिसेल.

हे मागायची जागाही कायद्याने दिली आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, एकूण सदस्यांत निम्म्या महिला. जिल्हा परिषद आणि नगरपालिकेच्या शाळांत ही समिती शाळा विकास आराखडा करते आणि त्यावर अनुदानाची मागणी उभी राहते. संगीताची ओळ त्या आराखड्यात लिहून घ्यायला ठराव पुरतो. खासगी अनुदानित शाळांत समितीची भूमिका सल्ल्याची आहे, आणि 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागू होत नाही. म्हणजे आपल्या उर्दू शाळा चालवणाऱ्या ट्रस्टींना कायद्याकडे बोट दाखवता येणार नाही. त्यांना स्वतः ठरवावं लागेल.

माझ्यासारख्या, गाव सोडून शहरात नोकरीला गेलेल्यांनाही एक काम आहे. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत सामाजिक खर्चाच्या यादीत ग्रामीण खेळ आहेत, तशाच कला आणि संस्कृती, पारंपरिक कलाही आहेत. कंपन्यांकडे मैदानासाठी अर्ज येतात, वाद्यांसाठी फारसे येत नाहीत. अर्ज लिहिणं आपल्याला जमतं. पेटी, तबल्याची जोडी, दहा खंजिऱ्या आणि एका शिक्षकाचं वर्षाचं मानधन, एवढ्यावर एक शाळा सुरू होते. तबल्याची शाई गेली, पेटीचे सूर उतरले, तर दुरुस्त करणारे कारागीर आपल्याच शहरांत आहेत. त्यांनाही काम मिळेल.

यंदाच्या समितीच्या बैठकीत खेळाची यादी वाचून झाली की हात वर करा आणि विचारा, संगीताची यादी कुठे आहे. उत्तर काय मिळालं, ते इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा.