रावणाला शाबासकी कशाची?



दसरा जवळ आला की मोबाईलवर तो मेसेज फिरायला लागतो. रावण किती संयमी, सीतेला त्याने बोटही लावलं नाही, आजच्या पुरुषांपेक्षा बरा. यंदा तो आपल्याच मंडळाच्या ग्रुपवर आला आणि खाली हात जोडलेल्यांची रांग लागली. मला हे मुळीच पटत नाही.

रावण राक्षस नव्हता, हे आपल्याला कुणी नव्याने सांगायला नको. विमलसूरींच्या ‘पउमचरिय’मध्ये आणि रविषेणाचार्यांच्या ‘पद्मपुराणा’त तो विद्याधर राजा आहे, जिनभक्त आहे. दहा तोंडं तर नव्हतीच. लहानपणी हारातल्या रत्नांत चेहऱ्याची नऊ प्रतिबिंबं दिसली, म्हणून दशानन. कुंभकर्णाची सहा महिन्यांची झोप राजा श्रेणिकालाही खटकली होती आणि गौतम गणधरांनी त्याची शंका दूर केली. तेव्हा राक्षसपणाची बदनामी खोटी, ती त्याच्या खात्यातून वजा करा. (बी.कॉम.ची सवय, जात नाही.)

पण बाकी उरते त्याचं काय? नाखूश परस्त्रीला स्पर्श करणार नाही, हा नियम त्याने केवली भगवंतांसमोर घेतला आणि पाळला. कबूल. पण त्याच माणसाने दुसऱ्याची बायको पळवून लंकेत डांबली. अदत्तादान म्हणजे काय, हे पाठशाळेतलं पोरही सांगेल. वर ती ‘हो’ म्हणावी म्हणून लालूच दाखवली, भीती घातली, स्वतःच्या बायकोला, मंदोदरीला, तिची समजूत काढायला पाठवलं. बाहेरून कडी घालून आतल्या बाईच्या होकाराची वाट बघायची, याला संयम म्हणायचं?

हीच फूटपट्टी आपण घरात लावतो, म्हणून माझा राग. लेक माहेरी येऊन काही सांगू लागली की आपला पहिला प्रश्न, “हात तर उगारत नाही ना?” ती नाही म्हणाली की आपण चहा ठेवायला उठतो.

कुणी म्हणेल, तो पुढे तीर्थंकर होणार आहे, त्याला कशाला नावं ठेवता? होणार आहेच. पण आधी नरकात गेला, हेही त्याच ग्रंथात आहे. त्याला मारणारा लक्ष्मणसुद्धा नरकातच गेला. आचार्यांनी कुणालाच सूट दिलेली नाही. पुतळा जाळणं मलाही नको, त्यात किती जीव होरपळतात. पण जाळायचा नाही म्हणजे ओवाळायचा असं थोडंच आहे?

मंदोदरीने रावणानंतर दीक्षा घेतली. त्या मेसेजमध्ये तिचं नावही नाही.