पोटजातीचा रकाना आहे, सिकलसेलचा का नाही?



भंडारा जिल्ह्यातल्या एका गावची आमची एक ताई. नाव सांगत नाही. पूर्व विदर्भातल्या कोणत्याही वस्तीत गेलात तर अशी एक तरी भेटेलच. लहानपणापासून तिची हाडे दुखायची, डोळे पिवळे पडायचे. काविळीचा झाडपाला झाला, वाताची तेले झाली, खाजगी डॉक्टरांची इंजेक्शने झाली. 'रक्त कमी आहे' म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. रक्त कमी का आहे, हे एकानेही विचारले नाही. शेवटी तापाने दवाखान्यात भरती असताना लॅबमधल्या एका मुलीला शंका आली. आधी सोल्युबिलिटी टेस्ट, मग इलेक्ट्रोफोरेसिस. सिकलसेल, एसएस पॅटर्न. तेव्हा ताईचे वय 29.

या 29 वर्षांत तिचे लग्नही होऊन गेले होते. सासर धानपट्ट्यातले. रोवणीच्या दिवसांत गार चिखलपाण्यात तासन् तास वाकून उभे राहायचे. थंडी, थकवा, अंगातले पाणी कमी होणे, यांनीच सिकलसेलच्या कळा उठतात. तिला उठायच्या. सासू म्हणायची, "रोवणं आलं का हिचं सोंग सुरू होते." दोनदा गर्भपात झाला, तोही तिच्याच माथी. नवऱ्याने माहेरी आणून सोडले. निदान झाल्यावर तरी तो धावत येईल असे आम्हाला वाटले होते. आली ती वकिलाची नोटीस: रोग लपवून लग्न केले, फसवणूक झाली. (बौद्धांनाही हिंदू विवाह कायदाच लागू आहे, तो वेगळ्या लेखाचा विषय.)

आम्ही विचारतो, जे इतक्या डॉक्टरांना सापडले नाही ते तिने लपवले कसे?

त्या नवऱ्याला तपासणीला न्यायला आम्हाला तीन खेपा माराव्या लागल्या. 'मले काय झालं?' हे पालुपद. रिपोर्ट आला तो एएस, म्हणजे वाहक. नोटीस पाठवणाऱ्याच्या स्वतःच्या रक्तातही तेच बीज होते, आणि त्यालाही ते ठाऊक नव्हते. मग फसवणूक कोणी कोणाची केली? हा आजार आई आणि बाप दोघांकडून येतो. दोघेही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात एसएस मूल होण्याची शक्यता 25 टक्के. एक एसएस आणि दुसरा एएस असेल तर 50 टक्के. यात सुनेचा पायगुण नाही, मागच्या जन्मीचे पाप तर नाहीच. जिथे पिढ्यान् पिढ्या हिवताप होता तिथे हा गुण टिकला, कारण वाहकाला गंभीर हिवतापापासून थोडे संरक्षण मिळते. म्हणून तो गोंड, माडिया, भिल्ल, पावरा यांच्यात आहे आणि आपल्यातही आहे. 'महारांचा रोग' म्हणून हिणवणारेही अडाणी, आणि त्या लाजेने रिपोर्ट ट्रंकेत लपवणारे आपणही.

टिकला हिवतापाने, पण गोळा होत राहिला तो आपल्या सोयरिकींनी. बाबासाहेबांनी 1916 साली न्यूयॉर्कमध्ये वाचलेल्या निबंधात जातीतल्या जातीत लग्न हेच जातीचे मर्म असल्याचे दाखवले. 1956 ला आपण दीक्षा घेतली, देव्हारे काढले. आणि आज आपल्याच वधू-वर परिचय मेळाव्यातल्या फॉर्मवर काय छापलेले असते? पोटजात. बावणे, लाडवण, कोसरे, सोमवंशी. पगार, उंची, रंगसुद्धा. सिकलसेल तपासणीचा रकाना नाही.

शासनाने 1 जुलै 2023 ला सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले. 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन, असे त्याचे लक्ष्य. 2016 च्या कायद्याने सिकलसेलला दिव्यांगत्वातही घेतले. चांगलेच आहे. पण कार्ड वाटून कोणाचा संसार सावरत नाही, त्यासाठी घरात जाऊन सासूशी बोलावे लागते. आणि आम्ही तरी काय केले? त्याच वस्तीत चार वर्षे निराधार योजनेचे फॉर्म भरत होतो. ताई भिंतीला टेकून बसलेली दिसायची. आम्हीही तिला आळशी समजलो. समाजशास्त्रात एम.ए. होऊन!

ताई सावरली ती आमच्या भाषणांनी नाही. रिपोर्ट हातात आला तेव्हा ती आधी रडली, मग आईला म्हणाली, "म्हणजे मी कामचोर नव्हती." त्या एका वाक्यावर ती उभी राहिली. हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक ॲसिड चालू आहे. पाण्याची बाटली सोडत नाही. कळा अजूनही येतात, पण आता ती 'दुखते' असे मोठ्याने सांगते आणि दवाखान्यात स्वतः जाते. नोटिशीला उत्तर दिले, सोबत नवऱ्याचा रिपोर्ट जोडला. त्यानंतर तिकडून दोनदा निरोप आला, 'झालं गेलं विसर, ये.' ती गेलेली नाही. सासूने विहारात येऊन चार बायकांसमोर सोंगाचा शब्द मागे घ्यावा, ही तिची अट आहे. काही जाणत्या मंडळींना ही अट जास्त वाटते. आम्हाला कमीच वाटते.

मागच्या महिन्यात ती आमच्यासोबत मेळाव्याच्या आयोजकांकडे आली. म्हणाली, पोटजात खोडा आणि तिथे एए, एएस, एसएस लिहा. एक काका म्हणाले, "बाई, असं छापलं तर लोक फॉर्मच भरणार नाहीत." ताईने पिशवीतून पेन काढले, त्यांच्याच टेबलावरचा कोरा फॉर्म ओढला, पोटजातीवर काट मारली आणि शेजारी लिहिले: एसएस. फॉर्म अजून छापायला गेलेला नाही. येत्या रविवारी आम्ही पुन्हा जाणार आहोत. ज्यांना यायचे त्यांनी यावे.