नुसतेच पाहणाऱ्यांची बाजू

आमच्या सुप्याने वह्यांचा जाच पूर्वी एकदा सोसलेला आहे. १८७५ च्या मे महिन्यात या गावचे लोक उठले, सावकारांच्या घरादुकानांत शिरले आणि कर्जरोख्यांची होळी झाली. दख्खनच्या दंग्यांची सुरुवात ती इथलीच. आता दीडशे वर्षांनी गावात पुन्हा वह्या आल्या आहेत. त्या पक्षिवेड्यांच्या आहेत.

गावालगतचा माळ १९९७ मध्ये मयूरेश्वर अभयारण्य झाला. पाच चौरस किलोमीटरांहून थोडासा मोठा, खुरटी झुडपे आणि गुडघाभर गवत. त्यात चिंकारा हरणे, कोल्हे, क्वचित लांडगा. (चिंकाऱ्याला हरीण म्हटल्याबद्दल कोणी तरी मला आताच अडवील. ते कुरंग आहे, त्याची शिंगे गळत नाहीत. कबूल! पण आमच्या आज्या त्याला हरीणच म्हणत.) सुटीच्या दिवशी पहाटे पुण्याहून मोटारी येतात. गळ्यात दुर्बीण, खांद्यावर तोफेएवढा कॅमेरा, खिशात वही.

त्यांच्या विद्येशी माझे भांडण मुळीच नाही. धाविक कोठे अंडी घालतो, कोणता चंडोल कधी येतो, हे त्यांनी टिपले नसते तर आम्हांस कोण सांगणार होते? भांडण आहे ते त्यांच्या तोऱ्याशी. मोरगावचे दर्शन आटोपून एखादे कुटुंब माळावर येते. पोर आनंदाने ओरडते, "आई, टिटवी बघ!" लगेच शेजारून आवाज येतो, "टिटवी नव्हे, माळटिटवी. पिवळे लोलक दिसत नाहीत का?" दुरुस्ती बिनचूक असते, पण स्वर फौजदाराचा! पोर हिरमुसते आणि पुढच्या पाखराकडे बोटदेखील करीत नाही. मी शाळामास्तर आहे. हे खाली गेलेले बोट मला ओळखता येते. ते पुन्हा वर यायला कधी कधी वर्षे लागतात.

१९०८ मध्ये एक शाळकरी मुलगा, आपण मारलेली एक चिमणी घेऊन, मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तिच्या गळ्यावर पिवळा डाग कसा, एवढेच त्याला विचारायचे होते. नाव त्याला ठाऊक नव्हते. तिथल्या मिलार्डसाहेबांनी त्याला हसून वाटेला लावले नाही. नाव सांगितले, पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह उघडून दाखविला, वाचायला पुस्तके दिली. तो मुलगा म्हणजे सलीम अली. आमच्या माळावरचे काही महाशय त्या दिवशी त्या टेबलापाशी बसलेले नव्हते, हे हिंदुस्थानचे नशीब!

आणि प्रत्येकाने सलीम अलीच का व्हावे? तुकोबांची पालखी बारामती-इंदापुरावरून जाते. तिच्याबरोबर कोणी पंढरपूर गाठतो, कोणी वेशीपासून दोन कोस चालून परततो. "तुला हरिपाठ येतो का?" असे त्या दोन कोसवाल्यास कोणी विचारीत नाही. उलट त्याच्याही हातावर भाकरी ठेवतात. मग माळावरच ही परीक्षा कशासाठी?

हॉर्न वाजवीत चिंकाऱ्यामागे मोटार पिटाळणारांची गोष्ट वेगळी. त्यांना दटावलेच पाहिजे. (त्यांतल्या काहींच्या हाती मोठे कॅमेरेही असतात, हे जाता जाता सांगतो.)

गवताळ माळाला सरकारी कागदांत पिढ्यान्‌पिढ्या 'पडीक' म्हणत आले. पडीक जागेवर उद्या कोणाचाही डोळा जाईल. त्या वेळी वह्यावाल्या चौघांनी अर्ज केला, तर तो फायलीत बसेल. ज्यांनी एकदाच, सहलीला येऊन, चिंकाऱ्याची उडी पाहिली आहे, अशी हजारो घरे बोलू लागली तरच साहेबांना मान वर करावी लागेल. त्याच घरांना आज आपण फाटकापाशी नावे ठेवीत आहोत.

अभयारण्याची हद्द चिंकाऱ्याला कळत नाही. रात्री ते शेजारच्या रानात कोवळ्या पिकात शिरते. आमचा शेतकरी उठतो, शिव्या देतो, हाकलतो आणि पुन्हा येऊन निजतो. त्या जनावराचे लॅटिन नाव त्याला येत नाही, आणि त्याच्याकडे वहीही नाही.