जुळ्यांतला आजारी आणि सूरजागडचे लोखंड

एकाच आईच्या पोटी, एकाच दिवशी दोन लेकरे जन्मतात. दहा वर्षांनी एक पुस्तक घडाघडा वाचते, दुसरे वर्गात मागे गप्प बसते. लोक म्हणतात, ज्याचे त्याचे नशीब! बाबासाहेबांच्या अनुयायाला हे उत्तर चालणार नाही. त्याने कारण शोधले पाहिजे.

जुळ्यांमध्ये ते कारण लपत नाही. घर तेच, आईबाप तेच, जात तीच, गरिबीही तीच. चीनमधील कुनमिंग येथे २००२-०३ साली शाळकरी जुळ्यांची पाहणी झाली. तिच्या आधारे जुनजियान यी, नोबेल विजेते जेम्स हेकमन आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली निष्कर्ष मांडले. जन्मापासून तीन वर्षांच्या आत जे मूल गंभीर आजारी पडले, त्याच्या औषधपाण्यावर आईबापांनी वर्षाला ३०५ युआन जास्त खर्च केले. मात्र त्याच्या शिक्षणावर १८२ युआन कमी केले. तरीही ते मूल आरोग्यात आणि अभ्यासात मागेच राहिले.

मग आईबापांनी दुजाभाव केला काय? मुळीच नाही. आजारी लेकरावर त्यांनी एकूण जास्तच खर्च केला. पण औषधाचा पैसा वहीपुस्तकातून गेला. दोष मायेचा नाही, रिकाम्या खिशाचा आहे.

आता सूरजागडकडे या. एटापल्ली तालुक्यातील हा माडिया आदिवासींचा मुलूख. जुळी मुले बहुधा कमी वजनाची जन्मतात. त्यातल्या एकाला न्यूमोनिया किंवा मलेरिया झाला तर गडचिरोलीचे जिल्हा रुग्णालय शंभर किलोमीटरहून दूर. बाप मजुरी बुडवून दवाखान्यात बसतो, आईचा तेंदूपत्त्याचा हंगाम हातचा जातो. दुसऱ्या लेकराच्या तोंडचा घासही त्यात कमी होतो. अशा घराला "मुलांना शिकवा" असा नुसता उपदेश करणे ही थट्टा आहे.

उपाय नाही असे नाही. याच जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी आणि उपचार शिकवले. ३९ गावांतील त्या प्रयोगाने नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे आजार घरातच, वेळेवर रोखता येतो. मग खर्च कोणी करायचा?

याचे उत्तर बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबई कायदेमंडळात दिले होते. प्रसूतीच्या काळात बाईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून तो भार सरकारने उचलावा, आणि तिच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकानेही उचलावा, अशी त्यांची भूमिका होती. मजूरमंत्री झाल्यावर १९४३ साली खाणीतील स्त्रियांच्या प्रसूती लाभ कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक त्यांनीच मांडले. खाण आणि बाळंतीण यांचा संबंध त्यांना तेव्हाच दिसला होता.

आज सूरजागडच्या डोंगरातून लोहखनिजाचे ट्रक रात्रंदिवस जातात. ३४८ हेक्टरचा खाणपट्टा २००७ साली मंजूर झाला, २०२१ पासून उत्खननाने जोर धरला. २०१५ च्या खनिज कायदा दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले. खाणबाधितांच्या आरोग्य, शिक्षण आणि महिला-बालकल्याणाला या निधीत अग्रक्रम आहे. ही भीक नाही, हक्क आहे.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. खाणपट्ट्यातील प्रत्येक जोखमीच्या बाळाला तीन वर्षे घरपोच तपासणी, मोफत उपचार आणि वाहन द्या. दवाखान्यात बसलेल्या आईबापांची बुडालेली मजुरी भरून द्या. आजारातून उठलेल्या मुलाला शाळेत जादा शिकवणी द्या. ग्रामसभांनी हे ठराव करावेत आणि चळवळीच्या कार्यकर्त्यांनी निधीचा हिशेब मागावा.

डोंगर ज्यांचा, त्यांच्या एका लेकराच्या औषधासाठी त्याचीच पाटी विकावी लागत असेल, तर त्या लोखंडाचा विकास कोणाचा?