सर्वनामाचा धनी ओळखा

परीक्षांचा हंगाम जवळ आला की बारामती-इंदापूरच्या पेठेतील घराघरांत स्पर्धा परीक्षांची पुस्तके उघडली जातात. कोणी बँकेच्या परीक्षेला बसणार असतो, कोणी सरकारी भरतीला. २०२३ च्या तलाठी भरतीत १०० प्रश्नांपैकी २५ इंग्रजीचे होते. हिशेबात पक्की असलेली आपली मुले अनेकदा याच भागात अडखळतात आणि 'मला इंग्रजी जमतच नाही' असा ग्रह करून घेतात. हा ग्रह वेळीच दूर केला पाहिजे. कारण सर्वनामाच्या प्रश्नात होणारी चूक बहुधा बुद्धीची नसते, ती घरच्या भाषेच्या सवयीची असते.

आपल्या अनेक घरांत मराठीबरोबर गुजराती किंवा हिंदीही बोलली जाते. या भाषांत षष्ठीचे रूप कसे चालते ते पाहू. गुजरातीत 'एनो भाई, एनी बहेन'; हिंदीत 'उसका भाई, उसकी बहन'. येथे शब्दाचा शेवट नात्याच्या किंवा वस्तूच्या लिंगाप्रमाणे बदलतो. ज्याचा भाऊ तो पुरुष की स्त्री, हे कळतच नाही. मराठी मात्र दुहेरी नोंद ठेवते. 'त्याची बहीण' म्हणताना 'त्या' हा भाग धनी पुरुष असल्याचे सांगतो आणि 'ची' हा भाग बहिणीचे लिंग दाखवतो. 'तिचा भाऊ' यातही तसेच. इंग्रजीत नोंद एकेरी आहे. 'हिज सिस्टर', 'हर ब्रदर' यांत सर्वनाम फक्त धन्याकडे पाहते, मालाकडे मुळीच नाही. बहीण शब्द दिसताच 'हर' लिहिणारे मूल मालाकडे पाहून खाते ठरवते. म्हणून नोंद चुकते.

तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारावा : या सर्वनामाचा धनी कोण? परीक्षेतील बहुतेक नियम याच प्रश्नाची निरनिराळी उत्तरे आहेत.

'ईच ऑफ द ट्रेडर्स हॅज पेड हिज बिल' या वाक्यात व्यापारी अनेक असले, तरी धनी 'ईच' म्हणजे एकेक जण आहे. म्हणून क्रियापद व सर्वनाम दोन्ही एकवचनी. 'द ओनर, अलाँग विथ हिज सन्स, हॅज...' यात मुलगे सोबतीला आले आहेत, खाते मालकाच्याच नावावर आहे. 'द सेक्रेटरी अँड ट्रेझरर हॅज गिव्हन हिज रिपोर्ट' येथे 'द' एकदाच आला, म्हणजे दोन्ही पदे एकाच व्यक्तीकडे आहेत. 'द' दोनदा आला असता तर माणसे दोन, आणि सर्वनाम 'देअर'. आपल्या संस्थांच्या अहवालांतही ही बारीक खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे. 'कमिटी'ने एकमताने निर्णय घेतला तर 'इट्स डिसिजन'. सभासदांत मतभेद झाले तर ब्रिटिश वळणाप्रमाणे 'देअर'.

आणखी एक अडचण आपल्या संस्कारातून येते. 'वडील दुकानात आहेत, ते संध्याकाळी येतील' असे आपण आदराने म्हणतो. इंग्रजीत हा आदर सर्वनामात मावत नाही. वडील एक आहेत, म्हणून 'ही'च. 'दे' लिहिले तर आदर वाढत नाही, वडिलांची संख्या मात्र वाढते.

'एव्हरीवन'नंतर 'हिज' लिहावे की 'देअर', हा प्रश्न पालक वारंवार विचारतात. जुनी व्याकरणे 'हिज' सांगतात, आणि त्यामागे कायद्याचीही परंपरा आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत 'ही' हे सर्वनाम पुरुष वा स्त्री अशा कोणत्याही व्यक्तीसाठी वापरले आहे, असे स्पष्ट म्हटले होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने त्यात पुरुष व स्त्री यांच्याबरोबर तृतीयपंथी व्यक्तींचाही उल्लेख केला. दुसरीकडे एकवचनी 'दे'चा वापर इंग्रजीत जुनाच असून आता तो प्रतिष्ठित झाला आहे; मेरियम-वेबस्टर या अमेरिकन कोशाने २०१९ चा 'वर्षाचा शब्द' म्हणून 'दे'चीच निवड केली. आपल्या लेकींनी प्रत्येक वाक्यात 'हिज' वाचून स्वतःला वगळलेले समजू नये, एवढे या बदलातून घ्यावे. परीक्षेत मात्र पर्याय नीट पाहावेत : 'हिज ऑर हर' असेल तर तो निर्धोक, दोन्ही एकेकटे असतील तर त्या परीक्षेच्या जुन्या उत्तरसूची पाहून ठरवावे.

आता शब्दनिवडीकडे वळू. बारामती ही मोरोपंतांची भूमी. ओठांनी उच्चारायचे वर्ण टाळून 'निरोष्ठ रामायण' रचणाऱ्या पंतांनी एकेक शब्द किती पारखून घेतला असेल, याची कल्पनाच करावी. आपल्याला तितकी कठीण साधना नको. पण सारख्या दिसणाऱ्या शब्दांची पारख हवी. 'प्रिन्सिपल'च्या शेवटी 'एएल' असेल तर मुद्दल, 'एलई' असेल तर तत्त्व. बँकेला लिहिताना अक्षरे चुकली तर मुद्दलाऐवजी तत्त्व फेडून टाकल्याचे लिहिले जाते! 'स्टेशनरी'त शेवटी 'ईआरवाय' असेल तर वह्या-पेनांचा माल, 'एआरवाय' असेल तर एका जागी स्थिर. मराठीत उसने देणे आणि उसने घेणे, दोन्हीला 'उसने' हा एकच शब्द पुरतो. इंग्रजीत देणारा 'लेंड' करतो, घेणारा 'बॉरो'. 'अॅडव्हाइस' हा सल्ला, तर 'अॅडव्हाइज' ही सल्ला देण्याची क्रिया. 'इट्स' शब्दावर वर स्वल्पविराम असेल तर 'ते आहे', नसेल तर 'त्याचे'.

हे सारे केवळ गुणांसाठी आहे असे समजू नये. जुनी खरेदीखते काढून पाहा. त्यांत 'तो' आणि 'त्याचा' यांवर भिस्त न ठेवता 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' हे शब्द पुन्हापुन्हा येतात. वाचताना ते कंटाळवाणे वाटते, पण लिहिणाऱ्याला ठाऊक होते की 'त्याने रक्कम द्यावी' यातील 'तो' कोण, यावरून उद्या दावा उभा राहू शकतो. आज आपला व्यवहार ई-मेलवर आणि इंग्रजी करारांवर चालतो. तेथे 'ही' आणि 'इट' नेमके कोणासाठी आहेत हे ओळखणारा मुलगा किंवा मुलगी घरच्या पेढीचेही रक्षण करते.

यासाठी रोज पंधरा मिनिटे पुरेत. इंग्रजी वृत्तपत्रातील एक परिच्छेद घ्यावा, प्रत्येक सर्वनामाखाली रेघ ओढावी आणि तेथून त्याच्या धन्यापर्यंत बाण काढावा. बाण कोठे पोहोचतो हे मुलाने मोठ्याने सांगावे. वडीलधाऱ्यांना इंग्रजी येत नसले तरी 'हा कोणाबद्दल बोलतो आहे?' एवढे विचारता येतेच. खातेवहीत नाव पाहिल्याशिवाय आपण रक्कम टाकत नाही. वाक्यातही धनी पाहिल्याशिवाय सर्वनाम टाकू नये.